मनगटावर सांडलेलं औषध

सुई सिरिंजवरून निसटली आणि औषध माझ्या उजव्या मनगटावर सांडलं. एवढंच झालं. बायडीमावशीच्या म्हशीनं मागचा पाय झाडला, माझा हात हलला, थोडं औषध तिच्या पुठ्ठ्यात गेलं आणि बाकीचं माझ्या हातावर. ना रंग, ना वास. साध्या पाण्यासारखं कोपराकडे ओघळलं. सोमवार, सकाळचे साडेअकरा, राहनाळच्या गोदामांमागे टेकडीवर जो पाडा आहे तिथलं मावशीचं अंगण. मी आधी काय केलं? दुसरी बाटली फोडली, नवी सुई लावली आणि म्हशीचा डोस पुरा केला. नऊ वर्षं झाली मला जनावरांची डॉक्टर होऊन, अर्धवट डोस माझ्याच्यानं सुटत नाही. मग बॅगेतला स्पिरिटचा बोळा काढला, मनगट पुसलं, आणि म्हटलं, चला, झालं.

ते औषध प्रोस्टाग्लँडिन जातीचं. शरीर स्वतःसुद्धा असलं काही बनवत असतं. ते हार्मोनसारखं काम करतं. म्हैस वेळेवर माजावर येत नसेल तर आम्ही ते टोचतो, अंडाशयावरचा पिवळा गोळा विरतो आणि तीन-चार दिवसांत ती माजावर येते. पण म्हैस गाभण असेल आणि चुकून टोचलं तर गाभडते. म्हणून आधी डाव्या हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवून, आत हात घालून नीट चाचपून बघायचं, खाली आहे ना, म्हणजे गाभण नाही ना. मावशीची म्हैस खाली होती. तिच्याबाबतीत माझी काही चूक झाली नाही. बाटलीच्या खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, गरोदर स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी हाताळू नये, कातडीतून शोषलं जातं, सांडल्यास ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्यानं धुवावं. आमच्या दवाखान्यातल्या लडकूला, आमचा पन्नाशीचा ड्रेसर तो, मी हे इतक्यांदा ऐकवलंय की मी तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "होय होय, म्याडम, बाईमाणसानं हात लावायचा न्हाय." आणि मी त्या सोमवारी आठ आठवड्यांची गरोदर होते.

कुणाला वाटेल, ही बाई वेडी आहे की काय. वेडी नाही हो. सवय नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली, सहा वर्षं दर महिन्याला मी गरोदर नसायचे, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ठाण्याला खेटे घालून झाले, आणि मग सगळं सोडून दिल्यावर, ध्यानीमनी नसताना, शनिवारी पट्टीवर दोन रेघा. शनिवारचं सोमवारी अंगवळणी कसं पडणार? म्हशीच्या मागे उभी राहिले की मी फक्त डॉक्टर असते. सकाळी उलटी झाली होती तेव्हा आठवण होती. पाडा चढताना दम लागला तेव्हाही होती. मोजा चढवला आणि विसरले. बॅगेत एकच मोजा उरला होता, तो डाव्या हातात गेला, उजवा हात उघडा. आणि समजा आठवलं असतं, तर मावशीला काय सांगणार होते? तिनं तीन महिने वाट बघितली होती. "म्हस फळत न्हाय, दूध आटलाय, नातवंडां बी काळाच चा पितात," हे तिनं दोनदा फोन करून सांगितलं होतं. हे झालं मी स्वतःला सांगते ते. खरं एवढंच, की मी विसरले.

पण विसरण्याचं मला फारसं काही वाटत नाही. विसरतं माणूस. त्यानंतर जे झालं ते मी अजून कुणापुढे बोलले नव्हते. मावशीची सून पूर्वा नुकतीच खालून पाणी घेऊन आली होती. गोदामाच्या कुंपणाला लागून बोअरिंग आहे, तिथून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढायचं. चुंबळ अजून तिच्या हातात होती, केस कपाळाला चिकटले होते. मावशीनं माझा हात बघितला आणि म्हणाली, "काय सांडला गो? पूर्वा, पानी दे डाक्तरीणबायला. घे, धू हात." हंडा माझ्यापासून चार पावलांवर. आणि मी म्हणाले, "नको मावशी, माझ्याकडे आहे पाणी." नव्हतं. माझ्या स्कूटरवर पायाशी पाच लिटरचा कॅन कायम असतो, सगळे तबेलेवाले हसतात मला, भय्ये लोक म्हणतात, "डॉक्टर मॅडम अपना पानी लेके घूमती हैं." पण त्या सकाळी उलटीच्या गडबडीत तो भरायचाच राहून गेला होता. रिकामा कॅन टेकडीखाली, स्कूटरवर. तरी मी म्हणाले, आहे.

का, तर पप्पांमुळे. म्हणजे पप्पांवर ढकलत नाही मी. माझे वडील रामदास, पोस्टमन होते, तीस वर्षं ह्याच भागात टपाल वाटलं त्यांनी. लहानपणी त्यांना त्यांच्या गावच्या विहिरीवर लांब उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्यांनी ते एकदाच सांगितलं, तेही जेवताना, सहज, "पाणी नाकातोंडात जायचं," एवढंच. पण नियम मात्र रोजचा होता. कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही. आपलं पाणी आपल्याबरोबर. कुणी दिलं तरी, आहे म्हणायचं, हसून म्हणायचं, समोरच्याला वाईट वाटता कामा नये. टपालाच्या पिशवीत त्यांची बाटली असायची. उन्हातान्हात संपली तरी ते मागत नसत. मी शाळेत जाताना, कॉलेजात, लग्नाच्या मांडवातसुद्धा तेच केलं. आता कोण विचारतं? बायडीमावशी तर विचारणाऱ्यातली नव्हेच, तिच्या हातचा चहा मी कितीदा प्यायलेय, चहा चालतो, बघा आमची तऱ्हा! पाणी म्हटलं की तोंडातून आपोआप "आहे" येतं. शिवाय ते पाणी त्या पोरीच्या डोक्यावरून आलेलं, हात धुवायला अर्धा हंडा लागला असता. हेही खरं. स्पिरिटनं पुसलं. स्पिरिटनं ते अजून लवकर आत गेलं का? गेलं असेल. टेकडी उतरून दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला, तिथे नळाखाली हात धरला तेव्हा धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नळ सोडून मी बघत राहिले मनगटाकडे. काही नाही. लाली नाही, चुरचुर नाही. आणि मला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. पदव्युत्तरला माझा विषयच तो होता, म्हशीच्या गर्भाशयाच्या स्नायूतले रिसेप्टर. हा स्नायू आपल्या मर्जीनं हलत नाही, त्याला आपण सांगू शकत नाही की आवळ, सोड. त्याच्या पेशींवर असतात रिसेप्टर, दाराच्या कडीसारखे म्हणा. औषध येतं, कडी वाजते, आत हालचाल सुरू होते. कत्तलखान्यातून सकाळी गर्भाशय आणायचं बर्फात घालून, त्याची बोटाएवढी पट्टी कापायची, कोमट मिठाच्या पाण्यात दोऱ्यानं टांगायची. म्हैस मेलेली असते चार तासांपूर्वी. पट्टीला ते ठाऊक नसतं. औषधाचा एक थेंब टाकला की ती अशी आखडते, दोरा ताणला जातो, पडद्यावर रेघ डोंगरासारखी वर चढते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलेच होते आनंदानं. आमचे सर म्हणाले, "औषध कुणाचं नाव-गाव बघत नाही. म्हैस असो, उंदीर असो, बाई असो, कडी असली की वाजते." वर्गात आम्ही चौघी मुली होतो, हसलो होतो. दुसऱ्या काही हार्मोनचे रिसेप्टर दिवस भरत आल्यावर वाढतात, तोवर स्नायू त्यांना दाद देत नाही. ह्याचं तसं नाही. हे पहिल्यापासून असतात. आठव्या आठवड्यातही असतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता मला, पूर्ण गुण मिळाले होते.

मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर ओटीपोटात पहिली कळ आली. मी घड्याळ लावलं. हसू नका, मी खरंच मोबाइलवर वेळ बघत पलंगाच्या कडेला बसले होते, सात मिनिटं, सहा मिनिटं, परत सात. दुखत होतं असं म्हणता येणार नाही. म्हणजे दुखत असणारच, पण ते मला दुसरीकडून, भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम कसे दिवसभर खडखडतात आणि आपल्याला ऐकू येत नाहीत, तसं. मनात पडद्यावरची रेघ चढत होती, उतरत होती. बरी चढतेय, म्हटलं. चार वाजता रक्त गेलं. सासूबाई माझ्या, मंदा त्यांचं नाव, त्यांनी रिक्षा बोलावली, रवींद्रला राहनाळला फोन केला, तो गोदामातून धावत आला, त्याच्या शर्टाला खोक्यांच्या पट्ट्या चिकटवायचा टेप तसाच लागलेला होता. रवींद्र माझा नवरा. गोदामात माल पाठवायच्या विभागाचा सुपरवायझर आहे. रिक्षात त्यानं माझा हात धरला, नेमका उजवा, आणि मी तो सोडवून घेतला. ते औषध केव्हाच गेलं होतं, तरीसुद्धा.

डॉक्टर हेमाली माझी मैत्रीणच म्हणायची, शाळेपासूनची. तिनं सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला नाही, तेव्हाच कळलं. मी म्हटलं, "दाखव गं, मी बघितलेली आहेत रिकामी गर्भाशयं." ती म्हणाली, "गप्प पड जरा." मग नेहमीचं सगळं बोलली. दर सहा-सात बायकांत एकीला होतं. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो. तुझी काही चूक नाही. आणि फाइल लिहिता लिहिता तिनं विचारलं, "काही औषध-बिषध घेतलं होतंस का?" मी म्हटलं, "नाही." तिनं लिहिलं, नाही. बरोबरच होतं म्हणा तिचं, असेलही गर्भातच दोष, मनगटावर एक मिली सांडल्यानं पडतं की नाही हे कोण छातीठोक सांगणार? शास्त्र म्हणेल, एका उदाहरणावरून काही ठरत नाही. मी त्या 'असेल' आणि 'नसेल'च्या मधल्या जागेत जाऊन बसले आणि तिथेच बसून राहिले. रडू आलं नाही. हेमालीनं टिश्यूचा डबा पुढे केला, मी एक कागद घेतला, काहीतरी करायला हवं म्हणून चष्मा पुसला.

मग माणसं यायला लागली. कोपऱ्यावरच्या काकी, रवीची मामी, माझ्या दवाखान्यातले. सगळी चांगली माणसं, आणि सगळी तेच बोलत होती. देवाच्या मनात नव्हतं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, तर त्याऐवजी "निसर्गाच्या मनात नव्हतं" म्हणाली. होईल पुन्हा. राहिलं होतं ना, म्हणजे राहतं. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत होते, स्कूटर सोड, स्कूटर सोड. ऐकतंय कोण." आणि लगेच शिरा करायला उठल्या, मला शिरा आवडत नाही हे त्यांना सहा वर्षांत कळलेलं नाही. प्रयोगशाळेत असं व्हायचं. एकच औषध लागोपाठ टाकत राहिलं की पट्टी पहिल्यांदा आखडते, दुसऱ्यांदा थोडी, पाचव्या-सहाव्यांदा ढिम्म. थेंब पडतोय, कडी वाजतेय, आत कुणी उठत नाही. मग पाणी बदलून पट्टी धुवावी लागते आणि अर्धा तास तिला एकटं सोडावं लागतं. मला कुणी एकटं सोडेना. शुक्रवारी वीज नव्हती, लूम बंद, गल्ली अशी सामसूम की स्वयंपाकघरातल्या कढईचा आवाज दचकवत होता. तेव्हाच बायडीमावशीचा फोन आला. "डाक्तरीणबाय, म्हस माजावर आली बघ! सकाळधरना वरडते. तुझा औषध लागला!" तिचा आवाज नुसता उजळला होता. मी म्हटलं, "बरं झालं मावशी. लडकूला पाठवते रेतन करायला." ती म्हणाली, "तू न्हाय येत?" मी म्हटलं, "बरं नाही जरा." "जप गो बाय," ती म्हणाली. चौथ्या दिवशी, अगदी हिशेबात. दोघींवरही, म्हटलं, औषध वेळेवर लागू पडलं. असा विचार करूनसुद्धा मला काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही ह्याचंही काही वाटलं नाही.

शनिवारी पप्पा आले. सत्तरी उलटली, तरी डोंबिवलीहून एसटीनं आले, खुर्चीत ताठ बसले, पोस्टात साहेबांसमोर बसायचे तसे. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पप्पा हसून म्हणाले, "आहे, आहे माझ्याकडे," आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट प्यायले. लेकीच्या घरात! सहा वर्षांत हे मी किती वेळा बघितलं असेल, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे बघत होते, वर-खाली होत होती ती. मला वाटलं आता मी ओरडणार. पप्पा, त्या बाईनं हंडा पुढे केला होता, चार पावलांवर होता हंडा, आणि मी तुमच्यासारखी हसले. सगळं ओठांवर आलं. मग ते म्हणाले, "तू लहान असताना तुझ्या आईचंही एक गेलं होतं. तुला सांगितलं नव्हतं." आणि बाटलीचं झाकण लावत बसले, ते काही केल्या आट्यांवर बसेना. ह्या माणसाला काय सांगणार? त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवायला जे एक शोधून काढलं, त्यानंच माझ्या पोटातलं गेलं असेल, असं सांगणार? मी झाकण लावून दिलं. ते गेल्यावर मी झोपले.

आणि आता रवी. खरी अडचण तीच होती, बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरतंय. आदल्या रविवारी, म्हणजे औषध सांडायच्या आदल्या दिवशी, तो मला बाईकवर बसवून ठाण्याला त्याच्या बहिणीकडे घेऊन गेला होता. बातमी त्याच्या पोटात राहिना. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे कंटेनरांची रांग, त्यांच्या मधून बाईक काढताना एका खड्ड्यात चाक असं आदळलं की माझे दात वाजले. मी त्याला घट्ट धरलं तर हा हसतोय, "सांभाळून बस बाई, ट्रिपल सीट आहे आज!" आणि पुढे पार बहिणीच्या दारापर्यंत तो, ट्रिपल सीट, ट्रिपल सीट, म्हणत होता, हवालदार पकडेल म्हणत होता, असा आनंद मी त्याला कधी झालेला बघितला नव्हता. बुधवारनंतर तो बाईकला शिवला नाही. शेअर रिक्षानं कामावर जायला लागला. गुरुवारी त्यानं मला विचारलं, भिंतीकडे बघत, "त्या खड्ड्यानंच का गं?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेव्हाच सांगायचं होतं. माहीत नाही ह्याचा त्यानं हो असा अर्थ घेतला, आणि तो तसाच घेणार हे मला बोलतानाच कळत होतं. त्यानंतर तो घरात चोरासारखा वावरायला लागला. जेवताना भाकरी मोडायचा आणि ताटातच ठेवायचा. आईसमोर म्हणाला, "मृणालला काही बोलू नको, चूक माझी आहे," आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी समोर बसले होते. भाजीतले मोहरीचे दाणे बाजूला काढत होते. एका वाक्यात त्याची सुटका झाली असती, आणि ते वाक्य माझ्यापाशी होतं, आणि मी दहा दिवस दिलं नाही. दुष्टपणा होता का? मला दुष्टपणाही वाटत नव्हता. बरं वाटत होतं, हे सांगूनच टाकते. ते त्याच्याकडे होतं तोवर मला उचलावं लागत नव्हतं. तो दोघांच्या वाटचं रडून घेत होता आणि मी ताट घासत होते.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास विकी आला, माझा धाकटा दीर, कल्याणला असतो. रवीची त्या दिवशी ड्युटी होती, सणाआधी गोदामाला सुट्टी नसते. विकी थेट जिन्याखाली गेला आणि बाईकवरचं कापड काढायला लागला. मी विचारलं, "हे काय रे?" तो ओशाळला. "वहिनी, दादा म्हणाला घेऊन जा. म्हणाला, मला त्या गाडीकडे बघवत नाही." रवीनं ती बाईक लग्नाच्याही आधी घेतलेली, तिला तो दर रविवारी पोरीला न्हाऊ घालावं तशी धुवायचा. विकीनं किक मारली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली आणि गेली. जिन्याखाली तेलाचा एक डाग उरला. मी वर गेले, ओढणी घेतली, स्कूटरची किल्ली घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अगं कुठं? तुला विश्रांती सांगितलीय!" मी म्हटलं, "रवीला डबा नेऊन देते." "डबा घेऊन गेला तो!" त्या जिन्यात येऊन ओरडत होत्या. ओरडू देत.

रविवार असूनही राहनाळच्या रस्त्यावर ट्रक नाकाला नाक लावून उभे होते. गोदामाच्या फाटकावरच्या रखवालदारानं मला ओळखलं, "साहब खाना खा रहे हैं, मॅडम, पीछे." मागे, रिकाम्या लाकडी फळ्यांच्या ढिगावर रवी बसला होता, मांडीवर डबा, उघडलेला पण न खाल्लेला. मला बघून दचकून उठला. "काय झालं? आईला काही झालं?" मी म्हटलं, "बस. खड्ड्यानं नाही झालं." तो बसला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, सोमवारपासून. औषध कसलं ते, ते कातडीतून जातं हे, खोक्यावर काय लिहिलंय ते, पूर्वाच्या डोक्यावरचे हंडे, मावशीनं पाणी दिलं ते, मी आहे म्हणाले ते. रुग्णाचा इतिहास सांगतात तसं सांगितलं, काही सोडलं नाही. मध्ये माल उचलायची गाडी भोंगा वाजवत गेली तेव्हा थांबले, मग पुढे सांगितलं. तो ऐकत होता, चमचा हातात तसाच.

"नक्की त्यानंच गेलं?" त्यानं विचारलं.

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण खड्ड्यानं जात नाही, रवी. आठ आठवड्यांचं खड्ड्यानं नाही जात. हे मला नक्की माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

त्याचा चेहरा तांबडा झाला. "दहा दिवस," तो म्हणाला. "दहा दिवस तू बघत होतीस मला? मी गाडी देऊन टाकली, मृणाल. मी ताईला फोन करून माफी मागितली, तिच्या घरी न्यायला निघालो म्हणून झालं, म्हटलं. आणि तू मोहरी निवडत होतीस?" दोन लोडर पलीकडे बिडी ओढत होते, त्यांनी तोंडं फिरवली. मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार. तो उठला, चार पावलं गेला, परत आला, परत बसला. डबा परत मांडीवर घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आईला सांगू नकोस हे. तुझ्या पप्पांना तर जीव गेला तरी नको. लोकांनी खड्डाच धरलाय ना, खड्डाच राहू दे. माझ्याच अंगावर राहू दे ते. मला आता सवय झालीय."

तो मनापासून बोलत होता. एवढं ऐकूनसुद्धा तो ते मला परत द्यायला तयार नव्हता, आणि माझं डोकं सणकलं. राग आला मला, खरा राग, कानशिलं तापली. पप्पांवर नाही, ह्याच्यावर, ह्या भल्या माणसावर. "नको," मी म्हटलं. "तुझं नाही ते. माझ्या पोटातलं होतं, माझ्या हातावर सांडलं, मी नको म्हणाले. तू कोण अंगावर घेणारा? मी आईंना आज सांगणार आहे. पप्पांना मी सांगेन, माझं मी बघेन कसं ते. पण तू घेऊ नकोस, रवी. मला काहीसुद्धा वाटत नाहीये अरे, दहा दिवस झाले, तू सगळं घेऊन बसलायस!" माझा आवाज इतका चढला की रखवालदार फाटकातून वाकून बघायला लागला.

रवी माझ्याकडे बघत राहिला. राग होता त्याच्या डोळ्यांत, अजून पुष्कळ दिवस राहील तो, राहायलाच हवा. त्यानं डब्याचं झाकण लावलं, डबा बाजूला ठेवला, फळीवरची धूळ हातानं झटकून माझ्यासाठी जागा केली. मी बसले. आणि मग, जे हेमालीनं विचारलं नव्हतं, सासूबाईंनी, पप्पांनी, शिरा खाऊन गेलेल्या एकाही माणसानं विचारलं नव्हतं, ते त्यानं विचारलं.

"त्या दिवशी खूप दुखलं का गं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि दुखायला लागलं.